सव्वादोन टक्क्यांचा प्रवास: इक्विटी फंडाचा खर्च आणि त्याची 'शैली' यांच्यामागचा इतिहास

शेअरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाचा खर्च कधी कुणाच्या बँक खात्यातून जात नाही. वर्षाला दीड टक्का खर्च असेल, तर त्याचा 365वा हिस्सा रोज फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्या रकमेवरून त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका हिश्श्याचे (युनिटचे) मूल्य, निघते. पावती मिळत नाही, एसएमएस येत नाही. हिशेब मात्र मोठा आहे. एक लाख रुपये 20 वर्षे वर्षाला 12 टक्क्यांनी वाढले तर 9.65 लाख होतात, 11 टक्क्यांनी वाढले तर 8.06 लाख. मधला दीड लाखाहून मोठा फरक त्या एका टक्क्याचा.

हा खर्च आज जिथे आहे तिथे तो सुरुवातीपासून नव्हता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्याने बऱ्याच जागा बदलल्या, आणि जागा बदलताना फंडाचे धोरणही सोबत ओढत नेले. माझ्या मते या दोन गोष्टी वेगवेगळ्या अभ्यासता येत नाहीत. कोणता फंड बाजारात येतो, त्याचे नाव काय असते, तो कोणते शेअर घेतो, हे पुष्कळदा विकणाऱ्याला पैसे कसे मिळतात यावरून ठरत आले आहे.

आधीच्या पिढीसाठी म्युच्युअल फंड म्हणजे 'युनिट ट्रस्ट'. संसदेने 1963 मध्ये केलेल्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया (यूटीआय) स्थापन झाली आणि 1964 मध्ये तिची पहिली योजना, यूएस-64, आली. पगारदार माणूस दरवर्षी त्यात थोडी रक्कम टाकायचा आणि लाभांशाच्या वॉरंटची वाट पाहायचा. या योजनेत खर्च किती, असा प्रश्न कुणी विचारत नव्हते, कारण विचारायला आधारच नव्हता. युनिटची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवून जाहीर करायची. आत असलेल्या रोख्यांच्या आणि शेअरच्या बाजारभावाशी तिचा थेट संबंध नव्हता. नव्वदच्या दशकात योजनेचा शेअरकडचा कल वाढला. बाजार पडला तसे योजनेतल्या तुटीचे स्वरूप 1998 मध्ये बाहेर आले, दीपक पारेख समिती नेमली गेली, सरकारने हात दिला, तरी जुलै 2001 मध्ये युनिटची खरेदी-विक्री थांबवावी लागली. कायदा रद्द करून 2003 मध्ये ट्रस्टचे दोन भाग केले गेले. एनएव्ही रोज जाहीर होणे ही आज इतकी साधी गोष्ट वाटते, की तिच्याअभावी केवढे नुकसान झाले हे सहज विसरले जाते.

निव्वळ शेअरचा फंड म्हणून यूटीआयचीच 'मास्टरशेअर' योजना 1986 मध्ये आली होती. पुढच्याच वर्षी स्टेट बँकेने आपला म्युच्युअल फंड काढला, मग इतर सरकारी बँका आल्या, आणि 1993 मध्ये कोठारी पायोनियरच्या रूपाने खासगी क्षेत्र उतरले. जानेवारी 1994 मध्ये मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंडासाठी लोकांनी रांगा लावल्या. फंड म्हणजे शेअरचा पब्लिक इश्यू, दहा रुपयांना मिळतोय तोवर घ्या, अशी समजूत होती. शेअर बाजारात नोंदणी झाल्यावर युनिट एनएव्हीपेक्षा कमी भावाने विकले जाऊ लागले तेव्हा भ्रमनिरास झाला. पण 'दहा रुपयांचा फंड स्वस्त' ही समजूत काही गेली नाही. पुढे तिच्यावर अख्खा धंदा उभा राहिला.

शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांची नियामक असलेल्या सेबीच्या 1996 च्या नियमावलीने खर्चाला पहिल्यांदा नीट चौकट दिली. इक्विटी फंडाच्या पहिल्या 100 कोटींवर 2.50 टक्के, पुढच्या 300 कोटींवर 2.25, त्यापुढच्या 300 कोटींवर 2 आणि उरलेल्या रकमेवर 1.75 टक्के, अशी वार्षिक खर्चाची कमाल मर्यादा. फंड मोठा झाला की दर उतरायचा, पण 700 कोटींनंतर उतरणे थांबायचे. त्या काळी 700 कोटींचा इक्विटी फंड मोठा समजला जाई, त्यामुळे यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

खरी गंमत या चौकटीच्या बाहेर होती. प्रवेश करतानाच 'एंट्री लोड' कापला जायचा, बहुतेक ठिकाणी सव्वादोन टक्के. दहा हजारांचा चेक दिला तर 225 रुपये विक्रेत्याकडे जाणार आणि 9,775 रुपयेच गुंतणार. माणूस स्वतः फंडाच्या कार्यालयात जाऊन फॉर्म भरून आला तरी लोड लागायचाच. शिवाय नवीन योजना आणताना झालेला खर्च, म्हणजे जाहिराती, छपाई आणि मुख्य म्हणजे दलाली, जमवलेल्या रकमेच्या 6 टक्क्यांपर्यंत योजनेतूनच वसूल करायची मुभा होती. जुना, चांगला चाललेला फंड विकला तर एजंटाला दोन टक्के, आणि नवीन फंड विकला तर त्याहून बरेच जास्त. मग तो काय विकेल?

शेअर बाजार चढता असताना, 2004 नंतर, नव्या फंडांची रीघ लागली. सेबीने 2006 मध्ये खुल्या योजनांसाठी (ज्यांत केव्हाही पैसे घालता-काढता येतात) 6 टक्क्यांची ही मुभा काढून घेतली, बंद मुदतीच्या योजनांसाठी ठेवली. लगेच बंद मुदतीच्या योजनांचा पूर आला. तीन वर्षे पैसे अडकवून ठेवणे ही मोठी गुंतवणूकशैली असल्यासारखी तिची भलामण झाली. फंड व्यवस्थापकाला दीर्घकाळ शांतपणे काम करता येते वगैरे कारणे दिली गेली. कारणे अगदीच खोटी नव्हती. पण जानेवारी 2008 च्या अखेरीस ही सवलतही बंद झाली आणि त्या शैलीचे आकर्षण बघता बघता ओसरले.

त्याच महिन्यापासून थेट अर्ज करणाऱ्याला एंट्री लोड माफ झाला, आणि 1 ऑगस्ट 2009 पासून एंट्री लोड सर्वांसाठीच रद्द झाला. सल्ल्याचे पैसे ग्राहकाने वेगळा चेक देऊन द्यावेत, अशी सेबीची कल्पना होती. कागदावर ती निर्दोष होती. आपल्याकडे डॉक्टरला आणि वकिलाला फी देतात, गुंतवणुकीचा सल्ला मात्र फुकट मिळतो अशी पक्की धारणा. वेगळा चेक फारसा कुणी फाडला नाही. अनेक विक्रेते जास्त दलाली देणाऱ्या युलिपकडे, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या योजनांकडे, वळले. त्यातून सेबी आणि विमा नियामक यांच्यात जुंपली. सेबीने एप्रिल 2010 मध्ये 14 विमा कंपन्यांच्या युलिपवर बंदीचा आदेश काढला, तर जूनमध्ये केंद्राने वटहुकूम काढून युलिप विमा नियामकाकडेच राहतील असे ठरवले. त्या नियामकानेही मग सप्टेंबरपासून युलिपचे शुल्क आवळले.

म्युच्युअल फंडातली दलाली मात्र संपली नव्हती. ती आता फंड कंपनी आपल्या खिशातून आगाऊ द्यायची आणि वार्षिक शुल्कातून सावकाश भरून काढायची. ग्राहकाला दारात द्यावा लागणारा पैसा घरात राहण्याच्या भाड्यात मिसळला, इतकेच. गुंतवणूकदार लवकर बाहेर पडला तर ती आगाऊ रक्कम भरून निघणार कशी, म्हणून एक्झिट लोडवर, म्हणजे लवकर पैसे काढताना कापल्या जाणाऱ्या शुल्कावर, भर आला.

सप्टेंबर 2012 मध्ये सेबीने एक देवाणघेवाण केली. एक्झिट लोडची रक्कम फंडातच, म्हणजे राहिलेल्या गुंतवणूकदारांकडे जाईल, त्याबदल्यात कंपन्यांना 0.20 टक्के जादा खर्च लावता येईल. मोठी 15 शहरे सोडून इतर ठिकाणांहून पुरेसे पैसे आणले तर आणखी 0.30 टक्क्यांपर्यंत. लहान गावांत फंड पोचावा हा हेतू चांगला, पण तो वाढीव खर्च संपूर्ण योजनेवर पडायचा. म्हणजे जालन्यातला नवा ग्राहक मिळवण्याचा खर्च दादरचा जुना ग्राहकही भरत होता. (ही सवलत नंतर 15 ऐवजी 30 शहरांबाहेर लागू केली गेली आणि गैरवापर दिसल्यावर 2023 मध्ये थांबवली.)

त्याच फेरबदलातली टिकाऊ गोष्ट म्हणजे 1 जानेवारी 2013 पासून सुरू झालेली 'डायरेक्ट' योजना. फंड तोच, व्यवस्थापक तोच, शेअर तेच. फक्त मधली दलाली नाही, म्हणून खर्च कमी आणि एनएव्ही वेगळी. दोन एनएव्ही शेजारी शेजारी छापल्या जाऊ लागल्या तेव्हा दलालीची किंमत कुणालाही वजाबाकी करून काढता येऊ लागली. या सगळ्या इतिहासात गुंतवणूकदाराच्या सर्वाधिक उपयोगी पडलेला बदल कोणता, असे विचाराल तर मी हाच सांगेन. सल्ला ज्यांना खरोखर लागतो त्यांनी दलालीसह असलेली 'रेग्युलर' योजना घेण्यात चूक काहीच नाही; फक्त सल्ला मिळतोय का, हे आता आकड्यासमोर ठेवून पाहता येते.

आता धोरणाकडे येऊ. नव्या फंडांच्या त्या पुरामुळे एकेका कंपनीकडे एकसारखेच अनेक फंड साचले होते. नावे 'ऑपॉर्च्युनिटीज', 'ॲडव्हान्टेज' अशी, आत बँका आणि आयटी. लार्ज कॅप म्हणवणारा फंड मिड कॅप शेअर घेऊन पुढे जायचा आणि 'सरस कामगिरी'च्या यादीत झळकायचा. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये वर्गवारी ठरवली. बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या लार्ज कॅप, 101 ते 250 मिड कॅप, त्यापुढच्या स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाने किमान 80 टक्के रक्कम पहिल्या शंभरात ठेवायची, मिड आणि स्मॉल कॅप फंडांनी आपापल्या गटात किमान 65 टक्के. प्रत्येक गटात कंपनीला एकच योजना.

फेब्रुवारी 2018 पासून आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी झाली पण परिणाम खोल गेला. तोवर फंडाची तुलना निर्देशांकाच्या नुसत्या किमतीशी होत असे. फंडाच्या परताव्यात मात्र शेअरवर मिळालेला लाभांश धरलेला असायचा. निफ्टीवर लाभांशाचा परतावा वर्षाला साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणजे व्यवस्थापकाने काहीही विशेष न करता शर्यतीत सव्वा टक्क्याची आघाडी मिळायची, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यात झाकला जायचा. तुलना लाभांशासह मोजलेल्या टीआरआय निर्देशांकाशी करणे बंधनकारक झाले आणि हे झाकण उडाले.

दोन्ही नियम एकत्र लागू झाल्यावर लार्ज कॅप फंडांची अडचण झाली. समजा, फंडाचा खर्च 1.60 टक्के आहे आणि त्याचे 60 टक्के शेअर निर्देशांकासारखेच आहेत. तेवढा भाग निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या इंडेक्स फंडात 0.20 टक्क्यात मिळतो. म्हणजे व्यवस्थापकाने खरोखर वेगळे केलेल्या 40 टक्क्यांसाठी आपण सुमारे 3.70 टक्के मोजतो. एवढे मोजून निर्देशांकाच्या पुढे राहणे अवघड, आणि अनेकांना ते जमले नाही. भारतातला पहिला ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा इंडेक्स फंड), निफ्टी बीज, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. 'सरासरी कशाला घ्यायची' म्हणून मागे पडलेल्या त्या प्रकाराला आधी भविष्य निर्वाह निधीने ऑगस्ट 2015 पासून ईटीएफमध्ये पैसे घालायला सुरुवात करून बळ दिले होते. आता सामान्य ग्राहकही वळला.

ऑक्टोबर 2018 मध्ये आगाऊ दलाली पूर्ण बंद झाली. विक्रेत्याला वर्षानुवर्षे मिळणारा 'ट्रेल' तेवढा राहिला. एप्रिल 2019 पासून खर्चाचे टप्पेही बदलले: पहिल्या 500 कोटींवर 2.25 टक्के, पुढच्या 250 कोटींवर 2, मग 2,000 कोटींपर्यंत 1.75, 5,000 पर्यंत 1.60, 10,000 पर्यंत 1.50, आणि तसे उतरत 50,000 कोटींच्या पुढे 1.05. गणित करून पाहिले तर 1,000 कोटींच्या फंडाला जवळपास काहीच फरक पडला नाही. जुन्या टप्प्यांनी मर्यादा 2.05 टक्के येत होती, नव्यांनी 2.06. पण 10,000 कोटींच्या फंडाची मर्यादा 1.78 वरून 1.61 वर आली, आणि 30,000 कोटींच्या फंडाची 1.76 वरून 1.45 वर.

यातून पुन्हा तेच घडले. लहान, नवा फंड टक्केवारीने जास्त खर्च लावू शकतो, म्हणून जास्त ट्रेल देऊ शकतो. एका गटात एकच योजना या नियमातून क्षेत्रीय आणि थीमॅटिक (एकाच क्षेत्रावर किंवा विषयावर बेतलेल्या) फंडांना वगळले होते. तेव्हा नवीन फंड आणायचा तर थीम काढायची. संरक्षण, उत्पादन, उपभोग, पायाभूत सुविधा, एकामागून एक आले, आणि 2024 मध्ये इक्विटी फंडांत आलेल्या पैशाचा फार मोठा ओघ याच गटाकडे गेला. यातले काही फंड विचारपूर्वक काढलेले असतीलही. पण क्षेत्र आधीच चढलेले असताना त्याचा फंड बाजारात येतो, कारण तेव्हाच तो विकला जातो, हे सन 2000 च्या आयटी फंडांपासून दिसत आले आहे.

स्मॉल कॅपमध्ये खर्चाचे रूप आणखी वेगळे. तिथे खर्चाच्या टक्केवारीपेक्षा शेअर घेताना आणि विकताना हलणारा भाव महाग पडतो आणि तो कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. फंड मोठा झाला की प्रत्येक कोटीमागे शुल्क घटते, पण कंपनीचे एकूण उत्पन्न वाढतच राहते. त्यामुळे 'आता पुरे' म्हणणे कंपनीच्या फायद्याचे नसते. काहींनी तरीही एकरकमी पैसे घेणे मध्येच थांबवले, त्यांचे कौतुक करायला हवे. मार्च 2024 पासून मिड आणि स्मॉल कॅप फंडांना 25 आणि 50 टक्के मालमत्ता विकायला किती दिवस लागतील हे जाहीर करावे लागते. फंडाचा आकार त्याच्या शैलीला अजून झेपतो का, याचा अंदाज त्या आकड्यांवरून येतो.

डिसेंबर 2025 मध्ये सेबीच्या संचालक मंडळाने 1996 च्या नियमावलीच्या जागी नवी नियमावली मंजूर केली. एप्रिल 2026 पासूनच्या या रचनेत फंडाचा मूळ खर्च वेगळा दाखवायचा आणि जीएसटी, एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर), मुद्रांक शुल्क हे सरकारी कर वेगळे. शेअर दलालांना द्यायच्या दलालीची मर्यादाही खाली आणली गेली. एक्झिट लोडच्या बदल्यात 2012 मध्ये दिलेले ते जादा 0.20 टक्के 2018 मध्येच 0.05 वर आणले होते. तेही आता गेले. विक्रेत्याचा ट्रेल मात्र रेग्युलर योजनेच्या मूळ खर्चातच राहतो. तो किती, हे पाहायचे असेल तर डायरेक्टशी वजाबाकी करण्याची पद्धत अजून तीच.