कारखान्याच्या शेडचं ऑफिस करायचंय? बेळगावात अर्ज कुठे अडतो

वडगाव-खासबागेतला बंद मागाचा कारखाना किंवा उद्यमबागेतला फाउंड्रीचा शेड ऑफिसला छान शोभतो. उंच कैच्या, पांढऱ्या भिंती, मोजकी टेबलं, बस्स. पण रंगकाम आधी होतं आणि कागदावर जागा कारखानाच राहते. म्हणून अर्ज परत येतात.

आधी जागेचा कागदोपत्री वापर पाहा. जिल्हाधिकाऱ्यांच्या बिनशेती आदेशात 'औद्योगिक' लिहिलं असेल, तर ऑफिससाठी पुन्हा परवानगी घ्यावी लागते. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) आराखड्यात तो भाग औद्योगिक असेल, तर वापरबदलाचा अर्ज वेगळा. शेड केआयएडीबी किंवा केएसएसआयडीसी या उद्योगांना जागा देणाऱ्या सरकारी संस्थांकडून घेतलेला असेल, तर करारातली वापराची अट वाचल्याशिवाय मालकाला अनामत देऊ नका, ही कळकळीची विनंती.

सगळ्यात जास्त माणसं खात्यावर, म्हणजे पालिकेतल्या मिळकतीच्या नोंदीवर, अडकतात. सिटी सर्व्हेचा उतारा आणला की काम झालं असं वाटतं. पालिकेला ई-खाता, म्हणजे त्याच नोंदीचा संगणकीय उतारा, हवा असतो, आणि जुन्या गल्ल्यांत खाता बहुधा आजोबांच्या नावावर असतो. करपावती काकांच्या नावाची, भाडेकरारावर सही नातवाची. आधी वारसा नोंद, मग ई-खाता, मग भाडेकरार, हा क्रम मोडू नका. खिडकीवर हे पहिल्याच दिवशी सांगता येतं; तरी एकेक त्रुटी काढून माणसाला फिरवत ठेवतात. म्हणून प्रत्येक त्रुटी लेखी मागा.

कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे शेडचा मंजूर नकाशा. माहिती अधिकारात 10 रुपये भरून त्याची प्रमाणित प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. 'सापडत नाही' असं आलं तर ते उत्तर जपून ठेवा आणि नोंदणीकृत अभियंत्याकडून आहे त्या बांधकामाचा नकाशा करून घ्या. आत लोखंडी माळा घालणार असाल तर तोही नकाशात दाखवा. नटबोल्टचा आहे, उद्या काढता येईल, हे कारण चालत नाही, चटईक्षेत्र वाढतंच. छपराचे जुने सिमेंटी पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू नका, जाणत्या माणसाकडून अखंड उतरवून घ्या.

विजेचं दुखणं उशिरा कळतं. मीटर यंत्रमागाचा किंवा कारखान्याचा आणि त्यावर संगणक-एसी चालू, हे हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) तपासणीत सापडलं तर 2003 च्या वीज कायद्याचं कलम 126 लागतं. आकारणी दुप्पट दराने होते, आणि गैरवापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. ऑफिस सुरू करण्याआधी व्यापारी दराचा अर्ज द्या. जुन्या मालकाची थकबाकीही तेव्हाच उघड होते.

ट्रेड लायसन्स, करपावती, ओळखपत्रं ही नेहमीची कामं. अर्ज 'सकाला' या राज्याच्या मुदतीत सेवा देण्याच्या योजनेखाली नोंदवून 15 अंकी जीएससी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंदणी क्रमांक, घ्या. नुसत्या पोचपावतीवर मुदत मोजत बसलेले लोक पाहिलेत. तो क्रमांक नसेल तर विलंबाची तक्रार कशाच्या आधारावर करणार?

दुकान व आस्थापना नोंदणीचे 30 दिवस ऑफिस सुरू झाल्यापासून धरतात, लायसन्स हातात पडल्यापासून नाही. पाटी रंगवायला देण्याआधी तिच्यावर 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये येईल अशी मांडणी करून घ्या, म्हणजे ती दुसऱ्यांदा करावी लागणार नाही.