धूर कितव्या रांगेत बसतो?

25 मे 2002 रोजी तैपेईहून हाँगकाँगला निघालेलं चायना एअरलाइन्सचं बोइंग 747 पेंगहू बेटांजवळ आकाशातच फुटलं. 225 माणसं गेली. तपासात जे कारण सापडलं ते बावीस वर्षं जुनं होतं. 1980 मध्ये हाँगकाँगला उतरताना या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि खरचटलेल्या पत्र्यावर ठिगळ नीट बसवलं गेलं नव्हतं. त्या ठिगळाखाली भेग वाढत राहिली. अपघाताच्या काही महिने आधी तपासणीत काढलेल्या फोटोंत ठिगळाच्या कडेने डाग उमटलेले दिसतात. केबिनमधली हवा तिथून बाहेर झिरपत असल्याची ती खूण. हे डाग तंबाखूच्या धुराचे असावेत, असं मानलं जातं. विमानातलं धूम्रपान बंद होऊन तोवर काही वर्षं लोटली होती, तरी डाग राहिलेच.

विमान दुरुस्त करणाऱ्या जुन्या लोकांना ही खूण चांगली ठाऊक होती. उंचावर असताना केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की पत्र्याच्या दर चौरस मीटरवर आतून पाच-सहा टनांचा रेटा बसतो. कुठे बारीकशी फट पडली की हवा तिथून सुसाट बाहेर पडते आणि तिच्यातला चिकट डांबरी अंश फटीच्या कडेला बसतो. पत्र्यावर तपकिरी रेघ उठली की गळती कुठे आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळायचं. धूम्रपानबंदीनंतर ही फुकटची खूण गेली. विमानातल्या सिगारेटीचा एवढा एक उपयोग होता, तो मान्य करून टाकू.

मला या डागांत रस आहे तो वेगळ्या कारणाने. विमानात सिगारेट ओढू द्यावी की नाही, हा वाद अमेरिकेत वीस वर्षं चालला, आणि त्यातला बराच काळ प्रश्न एकच होता: कुणी कुठे बसायचं? धूर कुठे जातो, हा प्रश्न फार उशिरा नीट विचारला गेला. तोवर त्याचं उत्तर पत्र्यावर लिहिलेलं होतं.

1969 मध्ये ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर यांनी विमानातल्या धूम्रपानावर बंदी घालण्याची मागणी केली. बंदी आली नाही, तडजोड आली. 1971 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने धूम्रपान न करणाऱ्यांसाठी वेगळ्या रांगा ठेवल्या, आणि 1973 मध्ये अमेरिकेच्या नागरी हवाई मंडळाने अशा रांगा सगळ्याच कंपन्यांना सक्तीच्या केल्या. म्हणजे एका रांगेत सिगारेटला बंदी आणि पाठीमागच्याच रांगेत मुभा. मधे भिंत नाही, दार नाही, कधी साधा पडदाही नाही. ज्यांची जागा सीमेवरच्या रांगेत यायची त्यांच्यासाठी हा विभाग फक्त तिकिटावर असायचा. एकाच बादलीतल्या अर्ध्याच पाण्यात नीळ कालवावी, तसला हा प्रकार.

आता या बादलीतलं पाणी कसं फिरतं ते पाहू. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबलेली गरम हवा घेतात, ती थंड करतात आणि छताजवळच्या झडपांतून केबिनमध्ये सोडतात. ती भिंतींच्या कडेने गोल फिरत खाली येते, पायांजवळच्या जाळ्यांतून बाहेर जाते आणि शेवटी पाठीमागच्या एका झडपेतून आकाशात सुटते. तासाला वीस-तीस वेळा केबिनची सगळी हवा बदलते. राहत्या घरात दारं-खिडक्या लावलेल्या असतील तर तासाभरात हवा एकदाही पुरती बदलत नाही. सिगारेट कंपन्यांची बाजू मांडणारे हाच आकडा पुढे करायचे: विमानातली हवा तर कचेरीपेक्षा ताजी!

आकडा खरा आहे, पण अर्धाच. विमानात माणशी एक ते दोन घनमीटर जागा मिळते, म्हणजे एखाद्या मोठ्या कपाटाएवढी. कचेरीत ती कितीतरी पट जास्त असते. थोड्या हवेत इतकी माणसं कोंबल्यावर ती वीस वेळा बदलावीच लागते, त्यात उदारपणा काही नाही. हवा कडेकडेने गोल फिरावी, पुढून मागे वाहू नये, अशी रचना असते हेही खरं. पण माणसं चालतात, ट्रॉली ढकलल्या जातात, अंगाच्या उष्णतेने हवा वर चढते. सिगारेटच्या धुराचे कण एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान असतात. ते खाली बसत नाहीत, झुळूक नेईल तिकडे जातात.

यात आणखी एक भर पडली. बोइंग 707 सारख्या जुन्या जेट विमानांत सगळी हवा बाहेरचीच असायची. पण इंजिनाची हवा काढून घेणं म्हणजे इंधन जाळणं. त्यामुळे 1980च्या दशकात आलेल्या 757 आणि 767 सारख्या विमानांत जवळपास निम्मी हवा गाळून पुन्हा केबिनमध्येच सोडायची पद्धत आली. चांगला फिल्टर धुराचे कण पकडतो. वायू मात्र त्यातून सरळ निघून जातात, कार्बन मोनॉक्साइड तर हमखास. म्हणजे मागच्या रांगेतल्या झुरक्याचा काही भाग पुढच्या रांगेच्या डोक्यावर परत यायची सोयच झाली. शिवाय केबिनमधली हवा वाळवंटासारखी कोरडी, तिची आर्द्रता दहा-वीस टक्के. अशा हवेत डोळे आणि घसा आधीच सुकलेले असतात, त्यामुळे धूर जास्त झोंबतो.

धूर खरोखर वेगळा ठेवायचा तर काय करावं लागतं, हे त्याआधी पन्नास वर्षं हायड्रोजनच्या जोरावर हवेत तरंगणाऱ्या एका हवाई जहाजाने दाखवलं होतं. 1936 मध्ये सेवेत आलेल्या हिंडेनबुर्गच्या पोटात सुमारे दोन लाख घनमीटर हायड्रोजन होता, आणि तरीही त्यावर सिगार ओढण्याची खोली होती! तिला एकामागे एक अशी दोन दारं होती. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असे, म्हणजे हायड्रोजन गळलाच तर तो आत शिरू नये. काडेपेट्या आधीच काढून घेतल्या जात. खोलीत एकच विजेचा लायटर होता. 1937 मध्ये हिंडेनबुर्ग जळालं, पण त्या खोलीमुळे नाही. वेगळी हवा हवी तर दाबात फरक हवा, दार हवं, दारावर माणूस हवा. जेट विमानात यातलं काहीच नव्हतं, होती ती रांगांची वाटणी.

दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर घातक असतो का, याबद्दल त्या काळात खरंच शंका होत्या. 1981 मध्ये जपानचे ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या 91,540 विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला: नवरा जास्त सिगारेटी ओढणारा असेल तर बायकोला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढत होता. त्यावर टीकेची झोड उठली, पण पुढच्या अभ्यासांनी तीच दिशा दाखवली. रसायनशास्त्र तर सरळच आहे. झुरका घेताना सिगारेटचं टोक 900 अंश सेल्सियसच्या आसपास तापतं. दोन झुरक्यांच्या मधे ते कमी तापमानाला धुमसतं आणि तंबाखू अर्धवट जळतो. खोलीत पसरणारा बहुतेक धूर या धुमसण्याचा असतो, आणि त्यात अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सरकारक नायट्रोसअमाइन्स जास्त असतात. ओढणाऱ्याला निदान सिगारेटचा फिल्टर तरी असतो, शेजाऱ्याला तोही नाही.

1986 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने केबिनमधल्या हवेचा अहवाल दिला आणि देशांतर्गत सगळ्या उड्डाणांत धूम्रपानबंदीची शिफारस केली. हवा हवी तितकी खेळती करून हा प्रश्न सोडवणं परवडणारं नव्हतं. त्यावर सिगारेट उद्योगातल्या संशोधकांनी केबिनमधलं निकोटिन मोजलं आणि हिशेब मांडला की धूम्रपानमुक्त रांगेतल्या प्रवाशाच्या वाट्याला एका उड्डाणात सिगारेटचा अगदी नगण्य अंश येतो. मोजमाप खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण निकोटिन भराभर गाद्यांना, पडद्यांना, कपड्यांना चिकटतं आणि हवेतून नाहीसं होतं, बाकीचा धूर तरंगत राहतो. निकोटिनवरून धुराचा अंदाज बांधला तर तो कमीच निघणार. आणि सरासरी काढली की सीमेवरची रांग त्यात विरघळून जाते.

मला त्या सीमेवरच्या रांगेचीच मोजणी महत्त्वाची वाटते. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात फक्त नऊ जण होते: पाच प्रवासी आणि चार केबिन कर्मचारी, सुमारे चार तासांची चार उड्डाणं. त्यांच्याजवळच्या हवेतलं निकोटिन मोजलं आणि लघवीतलं कोटिनिनही. कोटिनिन म्हणजे शरीरात निकोटिनचं जे बनतं ते, त्यामुळे धूर अंगात गेला की नुसता नाकाजवळून गेला याचा तो पुरावा. सीमेजवळच्या धूम्रपानमुक्त रांगांत काही जणांच्या वाट्याला धूम्रपानाच्या विभागाइतकंच निकोटिन आलं होतं, आणि उड्डाणानंतर 72 तासांनीही कोटिनिन सापडत होतं. नऊ ही संख्या फार लहान, हे खरंच. पण त्याच वर्षी अमेरिकी वाहतूक खात्यासाठी 92 उड्डाणांत मोजमाप झालं आणि त्यातूनही शेवटी बंदीचाच पर्याय पुढे आला.

या सगळ्यात प्रवाशापेक्षा जास्त भरडले गेले ते केबिन कर्मचारी. प्रवासी चार तासांनी उतरून जातो, ते पुढच्या उड्डाणाला उभे. कधीही सिगारेट न ओढलेल्या नॉर्मा ब्रॉइन या हवाई सेविकेला बत्तिसाव्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर झाला. 1991 मध्ये त्यांनी आणि इतर सेविकांनी सिगारेट कंपन्यांवर मायामीत खटला भरला. 1997 मध्ये कंपन्यांनी तडजोड करून 30 कोटी डॉलर दिले, ते थेट कुणाच्या हातात नाही तर संशोधन संस्थेच्या स्थापनेसाठी.

कायदा मात्र तुकड्यातुकड्यांनी आला. रिचर्ड डर्बिन हे इलिनॉयचे काँग्रेस सदस्य चौदा वर्षांचे असताना त्यांचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते. 1987 मध्ये त्यांनी दोन तासांपर्यंतच्या उड्डाणांत बंदी सुचवली आणि ती सभागृहात 198 विरुद्ध 193 मतांनी निसटती मंजूर झाली. 23 एप्रिल 1988 पासून ती लागू झाली. 25 फेब्रुवारी 1990 पासून मर्यादा सहा तासांवर गेली, म्हणजे जवळपास सगळी देशांतर्गत उड्डाणं आली. अमेरिकेत ये-जा करणाऱ्या सगळ्या उड्डाणांवर बंदी यायला 2000 साल उजाडलं. ऑस्ट्रेलियाने देशांतर्गत बंदी 1987 मध्येच आणली होती. या क्रमात एक उलटी गंमत आहे. विषाची मात्रा म्हणजे प्रमाण गुणिले वेळ. जिथे वेळ सगळ्यात कमी तिथे बंदी आधी आली, आणि दहा-बारा तास धुरात बसवणाऱ्या उड्डाणांना ती सगळ्यात शेवटी लागू झाली. विज्ञानाच्या दृष्टीने हे उलटं, पण ओढणाऱ्याची तलफ किती वेळ दम धरते त्या दृष्टीने अगदी बरोबर.

बंदीविरोधकांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. ते म्हणत, जागेवर ओढू दिली नाही तर माणूस टॉयलेटमध्ये लपून ओढेल आणि थोटूक कागदाच्या कचऱ्यात टाकेल. ही भीती काल्पनिक नव्हती. 11 जुलै 1973 रोजी रिओहून पॅरिसला चाललेल्या व्हारिग या ब्राझीलच्या कंपनीच्या बोइंग 707 मध्ये मागच्या टॉयलेटमधून आग लागली. कचऱ्यात पडलेली जळती सिगारेट हे तिचं संभाव्य कारण मानलं गेलं. विमान ऑर्ली विमानतळाच्या अलीकडे शेतात उतरवावं लागलं. 134 पैकी 123 जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. तेव्हा तर जागेवर ओढायला पूर्ण मुभा होती! पुढे 1983 मध्ये एअर कॅनडाच्या विमानात टॉयलेटच्या बाजूने आग लागून 23 जण दगावले. तिचं मूळ कधीच सापडलं नाही, पण टॉयलेटमध्ये धूर ओळखणारी यंत्रं आणि कचरापेटीत आपोआप सुटणारी अग्निशामकं त्यानंतर सक्तीची झाली.

आजही टॉयलेटच्या दाराजवळ राखदाणी दिसते ती याच हिशेबाने. अमेरिकी नियमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे: विमानात धूम्रपानाला परवानगी असो वा नसो, राखदाणी हवीच. कायदा म्हणतो की कुणी ओढणार नाही, अभियंता म्हणतो की कुणीतरी ओढेलच, आणि त्याने ते थोटूक कुठे विझवायचं हे मी आधीच ठरवून ठेवतो.

कॉकपिटची गोष्ट वेगळी. 1990च्या अमेरिकी बंदीतून वैमानिकांना वगळलं होतं. तलफ आलेला, चिडचिडा, हात थरथरणारा वैमानिक जास्त धोक्याचा, असा विचार त्यामागे होता. पण याची उलटी बाजूही आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सतत ओढणाऱ्याच्या रक्तातलं सुमारे पाच टक्के हिमोग्लोबिन असं अडकून पडलेलं असतं. केबिनमधला दाब आधीच 2,400 मीटर उंचीवरच्या डोंगराइतका विरळ असू शकतो, त्यामुळे अशा वैमानिकाचं शरीर त्याहून उंच डोंगरावर असल्यासारखं वागतं. पहिला फटका रात्रीच्या नजरेला बसतो.

जुलै 2018 मध्ये एअर चायनाचं बोइंग 737 हाँगकाँगहून दालियानला चाललं होतं. को-पायलटला कॉकपिटमध्ये ई-सिगारेट ओढायची होती. आपली वाफ फिरत फिरत प्रवाशांपर्यंत जाईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हवा फिरवणारा पंखा बंद करावा असं त्याच्या मनात आलं, आणि कॅप्टनला न सांगता त्याने हात पुढे केला. शेजारची कळ दाबली गेली, केबिनला हवा पुरवणारी यंत्रणाच बंद पडली. दाब उतरू लागला तसं विमान 35,000 फुटांवरून 10,000 फुटांवर आणावं लागलं, आणि 153 प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मास्क लोंबकळू लागले. ही सगळी खटपट होती ती वास मागे जाऊ नये म्हणून.