दारातून वाऱ्याची शिट्टी येते? रबर बदलण्याआधी हे करून पाहा

गावात गाडी शांत असते, पण हायवेवर ८० ओलांडले की कानाशी शिट्टी सुरू होते. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेकजण थेट "चारही दारांचं रबर बदला" म्हणतात. जरा थांबा. एका गाडीला दुसरीकडे नवे रबर घालून झाले होते. आवाज मात्र रेन व्हायझरच्या (काचेवरच्या पावसाळी पट्टीच्या) सुटलेल्या कडेचा निघाला. दोन रुपयांच्या टेपने कळले असते.

रस्ता बदलला की आवाज बदलतो, तर तो टायरचा. ट्रक शेजारून गेला किंवा आडवा वारा आला की बदलतो, तर वाऱ्याचा.

वेगात आरशामागे आणि पुढच्या खांबाजवळ (समोरच्या काचेच्या बाजूचा) बाहेरच्या हवेचा दाब उतरतो. दाराची वरची चौकट किंचित बाहेर ओढली जाते, रबराची पकड सुटते. म्हणून उभ्या गाडीत दोष दिसत नाही. पावसात पाणी आत येत नाही म्हणून रबर ठीक, असेही समजू नका.

आवाज चालू असताना शेजारी बसलेल्याने (चालवणाऱ्याने नव्हे!) दाराच्या वरच्या कोपऱ्यावर आतून तळहात दाबावा. आवाज पडला, तर जागा तीच. नाही सापडली, तर दाराच्या फटी, आरशाचे बूड आणि काचेची कड यांवर बाहेरून कागदी टेप लावा. शिट्टी थांबली की एकेक तुकडा काढत पुन्हा फेरी मारा. मग दारात नोट अडकवून वीतवीतभर अंतरावर ओढून पाहा. सहज निसटली तिथे दाब कमी.

रबर निसटले असेल तर हाताने बसवा, साबणपाण्याने पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस नको, रबर फुगते. तरीही दार सैल वाटले, तर स्ट्रायकर (खांबावरची कडी, जिच्यात दाराचे कुलूप अडकते) साधारण १ मिलीमीटर आत घ्यावा लागतो. ते आमच्या गॅरेजमध्येच करा: बोल्ट पूर्ण काढला तर काही गाड्यांत मागची पट्टी खांबात पडते, आणि जास्त आत घेतले तर दार आपटावे लागते. अपघातानंतर दार उतरवून बसवले असेल, तर आम्ही आधी बिजागऱ्या तपासतो.

गाडी आणताना ज्या तुकड्याने शिट्टी थांबली तो तसाच ठेवा. फक्त टेप लावलेली गाडी दोन दिवस उन्हात ठेवू नका, गोंद रंगावर बसतो.