गिअरबॉक्सचं तेल आणि ‘लाइफटाइम’ हा शब्द : पार्श्वभूमी

सहा-सात वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी विकत घेणाऱ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. गिअरबॉक्सचं तेल बदलायचं की राहू द्यायचं? सर्व्हिस सेंटरचं उत्तर असतं, ‘हात लावू नका, ते लाइफटाइम आहे.’ बाहेरचा मिस्त्री म्हणतो, ‘आधी ते काढा.’ हा वाद आजचा नाही, आणि त्याचं मूळ गिअरबॉक्सपेक्षा एका शब्दात जास्त आहे.

१९२८ साली अमेरिकेत सिंक्रोमेश, म्हणजे फिरत्या गिअरांचा वेग जुळवून देणारी रचना, आलं आणि गिअर टाकताना होणारी करकर कमी झाली. १९३९ च्या अखेरीस पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिथेच मोठ्या प्रमाणावर विकायला आला. त्यातल्या तेलावर वंगणापलीकडची कामं पडली : इंजिनाची ताकद पुढे पोचवणं, दाबाने आतल्या क्लच प्लेट आवळणं, उष्णता वाहून नेणं. प्लेट घसरू नयेत आणि झटकाही बसू नये, इतकं नेमकं घर्षण साधायला त्या तेलात चक्क स्पर्म व्हेलची चरबी मिसळत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली, पर्यायी रसायनं घाईने आली आणि पुढच्या काही वर्षांत गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. तेल बदललं की गिअरपेटीचा स्वभाव बदलतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

आपल्याकडे त्या काळात ऑटोमॅटिकचा हा प्रश्नच नव्हता. फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडर या दोन गाड्यांवर एक अख्खी पिढी गिअरकाम शिकली. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, तिथून पेटीपर्यंत लोखंडी सळ्या आणि बुश. बुश झिजले की गिअर दोन खाचांच्या मध्ये अडकायचा. मग मुंबईच्या टॅक्सीवाल्याने भर चौकात बॉनेट उघडून सळी हाताने सोडवणं हे रोजचं दृश्य होतं. फियाटच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, त्यामुळे गाडी थांबल्याशिवाय पहिला टाकू नये ही शिकवण घराघरांत होती. पेटी आणि मागचं डिफरन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारे गिअर) वेगवेगळं. दोन्हींत पाना लावून लेव्हल प्लग काढायचा, बोट घालून पातळी बघायची आणि ‘नव्वद नंबर’चं जाड तेल भरायचं. घाटात मालगाडीसारखी राबणारी ही पेटी वीस-वीस वर्षं चालली, कारण तिच्याकडे कुणीतरी नियमाने बघत होतं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ही सवय अडचणीची ठरली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात, दोघांना मिळून एकच तेल. जुन्या मिस्त्रींनी त्यातही डिफरन्शियलचं जाड तेल ओतलं. त्या तेलातली गंधकाची रसायनं मागच्या डिफरन्शियलमधल्या, एकमेकांवर घासत फिरणाऱ्या हायपॉइड गिअरला लागतात, पण सिंक्रोच्या पितळी रिंगांना ती मानवत नाहीत. शिवाय थंडीतल्या सकाळी दुसरा गिअर दगडासारखा घट्ट. डब्यावरच्या ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ या खुणांमध्ये पाच म्हणजे चारपेक्षा चांगलं, अशी समजूत आजही आहे आणि ती चुकीची आहे. हे दोन वेगळ्या कामांचे दर्जे आहेत.

आता ‘लाइफटाइम’. नव्वदच्या दशकात काही युरोपीय, विशेषतः जर्मन गाड्यांच्या पुस्तिकेतून ऑटोमॅटिकचं तेल बदलण्याची ओळ गायब झाली. हळूहळू तेलाची पातळी बघायची पट्टी, डिपस्टिकही गेली. कारण दिलं गेलं ते सिंथेटिक तेलाच्या प्रगतीचं, आणि ते खोटं नव्हतं. ही तेलं खरोखरच जास्त टिकतात. पण सर्व्हिसचा एक मोठा खर्च वगळला की गाडी राखणं कागदावर स्वस्त दिसतं, हेही तितकंच खरं. ‘लाइफ’ कुणाचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. तेलाचं? पेटीचं? की वॉरंटीचं? पहिला मालक चार-पाच वर्षांत गाडी विकतो, त्याला फरक पडत नाही. झळ बसते दुसऱ्याला.

या वादातला सर्वांत बोलका पुरावा खुद्द पेटी बनवणाऱ्यांकडून आला. झेपेलिन या वायूने तरंगणाऱ्या हवाई जहाजांचे गिअर बनवण्यासाठी १९१५ साली सुरू झालेली एक जर्मन कंपनी अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. गाडीची पुस्तिका लाइफटाइम म्हणत असताना, याच कंपनीने आपल्या पेट्यांचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलण्याची शिफारस केली. ज्याने पेटी घडवली त्याचं ऐकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली कोंडी, कुंभार्लीसारखे घाट हे पुस्तिकेच्या बारीक अक्षरांतल्या ‘कठीण वापरा’तच मोडतात.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा गॅरेजमध्ये सारखा ऐकू येतो : जुनं तेल काढलं आणि पेटीच बसली. अशा गाड्या असतात. पण बहुतेकदा तेल बदलायची आठवण पेटी घसरायला लागल्यावरच झालेली असते, तेव्हा प्लेट आधीच झिजलेल्या असतात. प्लग काढून तेल सोडलं तर निम्म्याच्या आसपासच निघतं, बाकीचं इंजिन आणि पेटी जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काही जण थोड्या अंतराने दोनदा बदलतात. यंत्राच्या दाबाने सगळं धुऊन काढण्याला मात्र अनेक जाणते कारागीर नाखूश असतात.

पुढे गुंता वाढला तो प्रकारांमुळे. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, स्वतःचं तेल लागतं. त्यात साधं ऑटोमॅटिकचं तेल भरलं तर धातूचा पट्टा घसरून खराब होतो. दोन क्लचच्या एका प्रसिद्ध पेटीत २०१३ साली जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांचं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरावं लागलं, कारण गरम, दमट हवेत आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला धोका होता. आपल्याकडे २०१४ मध्ये स्वस्त एएमटी आली आणि ‘ऑटोमॅटिक’ शब्दच संदिग्ध झाला. एएमटी म्हणजे साधी मॅन्युअल पेटी, फक्त क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा हात यंत्राचा. तिला मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं, त्या यंत्राच्या हाताचं, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरचं तेल निराळं, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच प्लेट मॅन्युअलइतकीच जळते. ‘ऑटोमॅटिकला क्लच नसतो’ या समजुतीने अनेकांनी ती लवकर घालवली आहे.

इलेक्ट्रिक गाडीत गिअर बदलायचे नसले तरी मोटर आणि चाकं यांच्यामध्ये एक गिअरपेटी असतेच, आणि तिच्यात थोडं तेलही. काही कंपन्यांनी ते बदलण्याची मुदत दिली आहे. काहींच्या पुस्तिकेत पुन्हा तोच शब्द आहे : लाइफटाइम.