सदाफुलीचं औषध यीस्टच्या पेशीत

सदाफुलीचे लाड कुणी करत नाही. अंगणाच्या कडेला, गच्चीवरच्या जुन्या कुंडीत, भिंतीच्या भेगेतसुद्धा ती बारा महिने फुललेली असते. बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत, कारण पानं कडू. हा कडूपणा अल्कलॉइड नावाच्या संयुगांचा. त्यांतली दोन, व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन, गेली साठ वर्षं कर्करोगावर वापरली जात आहेत. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत व्हिन्क्रिस्टिन आजही पहिल्या फळीत आहे. हॉजकिन्स लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी चार औषधं एकत्र देण्याची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात व्हिनब्लास्टिन असतं.

शोध लागला तो मधुमेहावरचं औषध शोधताना. 1952 मध्ये जमैकातून सदाफुलीची पानं कॅनडात पोचली. जमैकात लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेत असत. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या कॅनडातल्या संशोधकांनी पानांचा अर्क प्रयोगशाळेतल्या उंदरांना टोचला, तेव्हा रक्तातली साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि प्राणी जंतुसंसर्गाने दगावले. ज्या अर्कामुळे पांढऱ्या पेशी घटतात, तो त्यांची बेसुमार वाढ रोखण्याच्याही उपयोगाचा, हे त्यांच्या लक्षात आलं. 1958 मध्ये त्यांनी व्हिनब्लास्टिन जगापुढे आणलं. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका असतात. हे संयुग त्या नलिकांची बांधणीच होऊ देत नाही. आपल्याकडेही साखरेसाठी सकाळी सदाफुलीची पानं चावणारी माणसं आहेत, त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की ही पानं विषारी आहेत, तसं करू नका.

एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात. एवढं कमी का, याचं उत्तर पानाच्या रचनेत सापडतं. व्हिनब्लास्टिनच्या रेणूचे दोन भाग असतात, कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन. त्यांच्या निर्मितीचे सुरुवातीचे टप्पे पानाच्या शिरांलगतच्या पेशींत पार पडतात, पुढचे वरच्या आवरणातल्या पेशींत. तयार झालेलं कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात जाऊन बसतं. व्हिंडोलिन मात्र आतल्या निराळ्या, चीक साठवणाऱ्या पेशींत राहतं. दोघांची गाठ फारशी पडतच नाही. शिवाय स्ट्रिक्टोसिडिन हा मधला रेणू पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, साठवलेला असतो आणि त्याच्यावर काम करणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, केंद्रकात असतं. किड्याने पान कुरतडलं की पेशी फुटते, दोन्ही एकत्र येतात आणि किड्याच्या तोंडात विष तयार होतं. झाडाने ही सगळी योजना स्वतःच्या रक्षणासाठी केलेली आहे. औषध कारखाने या दोन भागांपैकी प्रत्येक भाग पानांतून वेगळा काढतात आणि रासायनिक प्रक्रियेने जोडतात.

हे दोन भाग यीस्टकडून करून घेता येतील का? पाव फुगवणाऱ्या आणि बिअर आंबवणाऱ्या यीस्टला साखर दिली की ते इतर कामांबरोबर स्वतःच्या पेशीपटलासाठी एर्गोस्टेरॉल बनवतं. त्या वाटेवरचा एक रेणू झाडं आणि यीस्ट यांच्यात सामाईक आहे. तिथून फाटा काढला की जिरॅनिऑल मिळतं. आपल्या रोशा गवताच्या तेलाला जो गुलाबासारखा वास येतो, तो याच जिरॅनिऑलचा. त्याच्यापासून पायरीपायरीने सेकोलोगॅनिन तयार होतं. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनलेलं ट्रिप्टामिन त्याला जोडलं की स्ट्रिक्टोसिडिन, आणि तिथून पुढे कॅथरँथिन व व्हिंडोलिन. कागदावर हा मार्ग सरळ दिसतो, पण त्यातले काही दुवे कित्येक वर्षं सापडत नव्हते. शेवटचे हरवलेले एन्झाइम 2018 मध्ये इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरमध्ये सारा ओ'कॉनर यांच्या गटाला मिळाले.

जनुकं हाती आली तरी ती यीस्टमध्ये घालून भागत नाही. झाडाने तीन-चार प्रकारच्या पेशींत वाटून दिलेली कामं इथे एकाच खोलीतल्या संसारासारखी उरकावी लागतात. मार्गातली कित्येक एन्झाइमं सायटोक्रोम पी-450 या गटातली आहेत. त्यांना पेशीत विशिष्ट पटलावर जागा लागते आणि इलेक्ट्रॉन पुरवणारा जोडीदारही लागतो. यीस्टजवळ स्वतःची अशी एन्झाइमं जेमतेम तीन, म्हणून एवढा नवा भार त्याला पेलत नाही. त्यातून यीस्टची स्वतःची काही एन्झाइमं अर्धवट तयार रेणू पळवतात आणि भलतंच काहीतरी करून टाकतात. ही एन्झाइमं शोधून त्यांची जनुकं काढून टाकावी लागली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे काम. वर्षानुवर्षं बसून गळती कुठे होते ते पाहायचं, एक जनुक काढायचं, दुसऱ्याचा जोर वाढवायचा आणि पुन्हा मोजायचं.

2022 मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या जिए झांग, मायकेल येन्सन आणि जे कीसलिंग यांच्या गटाने हे साधलं. वनस्पतींची 34 जनुकं आणि यीस्टच्या जनुकांतले फेरफार मिळून 56 बदल, आणि एन्झाइमांचे सुमारे तीस टप्पे. एवढा लांब मार्ग त्याआधी कुणी झाडातून सूक्ष्मजीवात नेलेला नव्हता. यीस्टने बनवलेली दोन संयुगं त्यांनी प्रयोगशाळेत जोडली आणि व्हिनब्लास्टिन मिळालं. उत्पादन मात्र लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. कारखाना चालवायला हे फारच अपुरं आहे.

आणि उत्पादन वाढलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. कीसलिंग यांचाच आधीचा प्रयोग त्याची साक्ष देतो. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन ज्या झाडापासून मिळतं, ते जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या जवळच्या नात्यातलं. त्याचा मूळ रेणू, आर्टेमिसिनिक आम्ल, यीस्टकडून करून घेण्यात 2006 मध्ये यश आलं. 2013 पर्यंत उत्पादन लिटरला 25 ग्रॅमवर गेलं. सानोफी कंपनीने इटलीत कारखानाही सुरू केला. पण तोवर चीन, व्हिएतनाम आणि आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी लागवड एवढी वाढवली होती, की शेतातलं आर्टेमिसिनिन किलोला 250 डॉलरच्याही खाली आलं. कारखान्याचा ना-नफा दर 350 डॉलरच्या वर होता. कारखाना पुढे विकला गेला. याचं मला वाईट वाटत नाही. जे पीक शेतकरी उत्तम काढतो, ते त्याच्याकडेच राहावं.

यीस्टची खरी गरज आहे ती शेतात न येणाऱ्या झाडांसाठी. स्ट्रिक्टोसिडिनच्या घराण्यात सुमारे तीन हजार संयुगं आहेत. कॅम्प्टोथेसिन त्याच घराण्यातलं. त्याच्यापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं बनतात. सह्याद्रीतला नरक्या हा त्याचा मोठा स्रोत. सदाफुलीची पानं खुडली तर ती पुन्हा फुटते, पण नरक्याचं लाकूड आणि मुळं लागतात म्हणून झाडच तोडलं जातं. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गाच्या जंगलांतून ते चोरून नेल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. इथे कुणा शेतकऱ्याच्या पोटावर पाय येत नाही, आणि यीस्टमध्ये स्ट्रिक्टोसिडिनपर्यंतची वाट बांधून तयार आहे. नरक्याच्या पेशीत पुढे काय घडतं, ते प्रत्येक एन्झाइमासकट कळायला हवं. ते कळतं जिवंत झाडाच्या कोवळ्या पानांतून आणि मुळांतून, वखारीत वाळलेल्या लाकडातून नाही.