व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधील अजिंक्यपद सामने

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांमधून हंगामाचा विजेता निवडण्यासाठी होणारे अंतिम सामने. नॅशनल फुटबॉल लीगने असा सामना १९३३ पासून दरवर्षी भरवला. १९६० मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी संघटना मैदानात उतरली. दोन्ही संघटनांच्या विजेत्यांची पहिली गाठ जानेवारी १९६७ मध्ये पडली आणि त्या लढतीलाच पुढे सुपर बोल म्हणू लागले. सुपर बोलचा गाजावाजा इतका आहे, की त्याआधीचे सेहेचाळीस हंगाम जणू झालेच नाहीत अशा थाटात विक्रम मोजले जातात. प्रत्यक्षात या खेळातली निम्मी भांडणे, बरेचसे नियम आणि अंतिम सामन्याची कल्पनाही त्या विसरलेल्या काळातली आहे. जेतेपद मैदानावर ठरावे एवढी साधी गोष्ट मान्य व्हायलाही तेरा हंगाम आणि एक हिमवादळ लागले.

गुणांची पद्धत थोडक्यात अशी : चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला तर टचडाउनचे ६ गुण, त्यानंतर मारलेल्या लाथेचा १, गोलखांबांमधून चेंडू धाडला तर फील्ड गोलचे ३ आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच पट्ट्यात गाठले तर सेफ्टीचे २.

बैठकीत ठरणारे विजेते (१९२०–३१)

लीगची स्थापना १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायो राज्यातील कँटन येथे, राल्फ हे यांच्या मोटारींच्या दालनात झाली. तेव्हाचे नाव अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन. सध्याचे नाव १९२२ मध्ये आले. ठरलेले वेळापत्रक नव्हते. प्रत्येक संघ आपापले सामने जुळवी, कोणी आठ खेळे तर कोणी चौदा. पहिल्या हंगामात अक्रन प्रोज संघ एकही सामना हरला नाही, पण तीन बरोबरीत सुटले. डिकेटर आणि बफेलो या संघांनीही जेतेपदावर हक्क सांगितला. शेवटी एप्रिल १९२१ मधल्या बैठकीत मतदान झाले आणि करंडक अक्रनला मिळाला. अक्रनच्या या संघात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता, हे पुढच्या इतिहासासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढच्याच वर्षी बफेलोच्या तोंडाला पुन्हा पाने पुसली गेली. त्यांनी शिकागो स्टेलीज संघाला हरवले, हंगाम संपला असे समजून परतीचा सामना केवळ प्रदर्शनी म्हणून स्वीकारला आणि तो गमावला. स्टेलीजचे जॉर्ज हॅलस यांनी हा सामना अधिकृतच असल्याचा आग्रह धरला. बैठकीने त्यांची बाजू घेतली. हाच संघ पुढे शिकागो बेअर्स झाला.

खरे गुऱ्हाळ मात्र १९२५ चे. पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल हे कोळशाच्या खाणींचे छोटे गाव. तिथल्या मरून्स संघाने ६ डिसेंबरला शिकागोत जाऊन कार्डिनल्सना २१–७ असे हरवले. वर्तमानपत्रांनी त्यांना विजेते म्हणून टाकले. मग मरून्सनी नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंविरुद्ध फिलाडेल्फियात एक सामना घेतला. फिलाडेल्फिया हे फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स या दुसऱ्या संघाचे राखीव क्षेत्र होते. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी आधी ताकीद दिली होती, असे लीगचे म्हणणे. परवानगी मिळाली होती, असे पॉट्सव्हिलचे. कार यांनी मरून्सना निलंबित केले. इकडे कार्डिनल्सनी घाईघाईने आणखी दोन दुबळे सामने उरकून विजयांची टक्केवारी वाढवली. त्यांतल्या एका सामन्यात मिलवॉकीच्या संघातून चक्क शाळकरी मुले खेळली आणि कार्डिनल्स ५९–० असे जिंकले. कार्डिनल्सचे तेव्हाचे मालक ख्रिस ओब्रायन यांनाही हे जेतेपद घ्यायला संकोच वाटला. त्यांनी ते नाकारले. आज मात्र अधिकृत नोंदीत विजेते म्हणून कार्डिनल्सच आहेत. हे प्रकरण पुन्हा उघडण्याचा प्रस्ताव २००३ मध्ये संघमालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी फेटाळला. मरून्सच्या बाजूने उभे राहिले ते पेनसिल्व्हेनियाचेच दोन संघ, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग.

छपराखालचा सामना (१९३२)

त्या काळी टक्केवारी काढताना बरोबरीतले सामने हिशेबातच धरत नसत. १९३२ मध्ये बेअर्स सहा सामने जिंकले, एक हरले आणि सहा बरोबरीत सुटले. ओहायोतील पोर्ट्समथ स्पार्टन्स सहा जिंकले, एक हरले, चार बरोबरीत. दोघांची टक्केवारी सारखीच. ग्रीन बे पॅकर्सनी दहा सामने जिंकले होते, पण तीन गमावल्यामुळे ते मागे पडले. आजच्या पद्धतीने, बरोबरीला अर्धा विजय धरून, हिशेब केला तर पॅकर्सच पहिले येतात.

कोंडी फोडायला एक जादा सामना ठरला. शिकागोत हिमवादळ आणि कडाक्याची थंडी होती, म्हणून १८ डिसेंबरचा हा सामना शिकागो स्टेडियम या बंदिस्त सभागृहात हलवला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती. जमिनीवर तिचीच माती होती आणि वासही. मैदान आखूड, जेमतेम ८० यार्डांचे, आणि कडेच्या भिंती अगदी लागून. त्यामुळे चेंडू कडेला गेला की तो आत आणून ठेवायचा असा तात्पुरता नियम केला. पोर्ट्समथचा सर्वोत्तम खेळाडू डच क्लार्क आलाच नाही. तो कोलोरॅडोतल्या एका कॉलेजात बास्केटबॉलचा प्रशिक्षक होता आणि त्याला रजा मिळाली नाही. सामन्याच्या चार डावांपैकी शेवटच्या डावात बेअर्सच्या ब्रॉन्को नागुर्स्कीने धावण्याची हूल देऊन रेड ग्रेंजकडे चेंडू फेकला आणि टचडाउन झाला. फेकणारा आघाडीच्या रेषेपासून, म्हणजे चेंडू खेळात येतो त्या रेषेपासून, पाच यार्ड मागे असायला हवा असा तेव्हा नियम होता. नागुर्स्की तेवढा मागे नव्हता, अशी पोर्ट्समथची तक्रार होती. पंचांनी ती ऐकली नाही. बेअर्स ९–० जिंकले. हा सामना साखळीतलाच धरल्यामुळे पोर्ट्समथची टक्केवारी घसरली आणि पहिल्या जागेसाठी झुंजलेला संघ थेट तिसऱ्या क्रमांकावर गेला. दोन वर्षांनी तो डेट्रॉइटला गेला आणि लायन्स झाला.

या एका सामन्याने खेळ बदलला. आघाडीच्या रेषेमागून कुठूनही चेंडू फेकायची मुभा, मैदानात चेंडू आत घेण्याच्या खुणा, गोलखांब पुढे आणणे हे सगळे १९३३ मध्ये नियमांत आले. बॉस्टन संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग करून त्यांच्या विजेत्यांमध्ये दरवर्षी सामना घ्यावा असे सुचवले. प्रेक्षक येतात, तर ते नियमितच यावेत, असा हिशेब त्यामागे होता.

ठरलेला अंतिम सामना (१९३३–५७)

पहिला नियमित अंतिम सामना १७ डिसेंबर १९३३ रोजी शिकागोच्या रिगली फील्डवर झाला आणि बेअर्सनी न्यूयॉर्क जायंट्सना २३–२१ असे हरवले. पुढच्या वर्षी तेच संघ न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर भिडले. बेअर्स हंगामभर अजिंक्य होते. मैदान गोठून काचेसारखे झाले होते आणि खिळ्यांच्या बुटांना पकड मिळत नव्हती. जायंट्सचा खेळाडू रे फ्लॅहर्टी याने रबरी तळव्यांचे बूट वापरून पाहू, असे सुचवले. रविवार असल्याने दुकाने बंद. मग सामानाची व्यवस्था पाहणारा एब कोहेन मॅनहॅटन कॉलेजात गेला आणि बास्केटबॉल खेळाडूंच्या कपाटांतले बूट घेऊन मध्यंतराच्या सुमारास परतला. तिसऱ्या डावाअखेर ३–१३ असे मागे असलेल्या जायंट्सनी शेवटच्या डावात २७ गुण काढले आणि ३०–१३ असा विजय मिळवला.

८ डिसेंबर १९४० चा सामना अजूनही एकतर्फीपणाचा मापदंड आहे. तीनच आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टनने बेअर्सना ७–३ असे हरवले होते आणि मालक मार्शल यांनी (त्यांचा बॉस्टनचा संघ आता वॉशिंग्टनला आला होता) बेअर्सना रडके ठरवले होते. हॅलस यांनी ती कात्रणे आपल्या खेळाडूंपुढे ठेवली. निकाल ७३–०. बेअर्सच्या टी रचनेपुढे, म्हणजे आक्रमणाला खेळाडू उभे करण्याच्या टी अक्षरासारख्या पद्धतीपुढे, वॉशिंग्टनचा बचाव कुठल्या बाजूला धावायचे याच गोंधळात राहिला. टचडाउननंतरच्या लाथांनी इतके चेंडू प्रेक्षकांत गेले, की शेवटी पंचांनी लाथा मारू नका अशी विनंती केली. या सामन्यानंतर टी रचना देशभर पसरली.

या काळाची एक बाजू विक्रमांच्या यादीत दिसत नाही. १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी बंदी कुठेच नव्हती, पण मालकांमध्ये एकमत होते. कोंडी फुटली ती एका अजिंक्यपदानंतरच्या स्थलांतरामुळे. क्लीव्हलँड रॅम्सनी १९४५ चा सामना १५–१४ असा जिंकला; त्यातले दोन गुण वॉशिंग्टनच्या सॅमी बॉ याने स्वतःच्या पट्ट्यातून फेकलेला चेंडू गोलखांबावर आपटल्यामुळे मिळाले होते. लगेच रॅम्स लॉस एंजेलिसला गेले. तिथले सार्वजनिक मैदान मिळवायचे तर संघ सर्वांना खुला हवा, असा दबाव आला आणि १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन व वूडी स्ट्रोड करारबद्ध झाले. त्याच वर्षी ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही स्पर्धक संघटना सुरू झाली. तिची चारही जेतेपदे क्लीव्हलँड ब्राउन्सनी जिंकली. जुन्या लीगमधले लोक त्यांना लुटुपुटूचे विजेते म्हणत. १९५० मध्ये ब्राउन्स लीगमध्ये दाखल झाले आणि पहिल्याच वर्षी लू ग्रोझाच्या अखेरच्या क्षणांतल्या फील्ड गोलवर ३०–२८ असे अजिंक्य ठरले.

दूरचित्रवाणी आणि दुसरी लीग

२८ डिसेंबर १९५८ रोजी यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्सनी जायंट्सना जादा वेळेत २३–१७ असे हरवले. याला आजवरचा सर्वश्रेष्ठ सामना म्हणण्याची प्रथा आहे. खेळ म्हणून पाहिले तर ती अतिशयोक्तीच. दोन्ही संघांच्या हातून चेंडू वारंवार निसटले. पण शेवट विलक्षण होता. सात सेकंद उरले असताना कोल्ट्सच्या स्टीव्ह मायराने बरोबरी साधली आणि जादा वेळेत जॉनी युनायटसने शांतपणे संघ पुढे नेत नेत ॲलन अमीचीकडून विजयी टचडाउन करवला. देशभरातल्या कोट्यवधी लोकांनी हे घरी बसून पाहिले. न्यूयॉर्ककरांना मात्र पाहता आले नाही, कारण तिकीटविक्री बुडू नये म्हणून यजमान शहरात प्रक्षेपण बंद ठेवायचा नियम होता.

फुटबॉल आणि दूरचित्रवाणी यांची जोडी किती पैसा आणू शकते हे ज्यांनी ओळखले त्यांत टेक्सासचे तरुण धनिक लमार हंट होते. जुन्या लीगमध्ये संघ मिळेना, तेव्हा त्यांनी अमेरिकन फुटबॉल लीग उभी केली. सहा वर्षे दोन्ही संघटना खेळाडूंवर बोली लावून एकमेकींना घायकुतीला आणत होत्या. शेवटी ८ जून १९६६ रोजी विलीनीकरण जाहीर झाले : एकत्र वेळापत्रक १९७० पासून, पण विजेत्यांचा सामना ताबडतोब.

तो पहिला सामना १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिस कोलिझियमवर झाला. सर्वांत महाग तिकीट १२ डॉलरचे, तरी सुमारे एक तृतीयांश जागा रिकाम्या राहिल्या. दोन्ही लीगचे प्रक्षेपण करार वेगळे असल्याने सीबीएस आणि एनबीसी या दोन्ही दूरचित्रवाणी कंपन्यांनी तो दाखवला. प्रत्येक संघ आक्रमणाला आपल्या लीगचा चेंडू वापरत होता. दुसऱ्या सत्राची सुरुवात एनबीसीच्या जाहिरातीत हुकली, म्हणून ती पुन्हा करायला लावली. प्रशिक्षक विन्स लोंबार्डी यांच्या पॅकर्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ३५–१० असे हरवले. पहिला टचडाउन मॅक्स मॅगीचा. आपल्याला उतरवणार नाहीत या खात्रीने त्याने आदली रात्र शहरात घालवली होती.

जुन्या लीगचा स्वतःचा अंतिम सामनाही १९६९ च्या हंगामापर्यंत चालूच होता. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे उणे २५ अंश सेल्सिअसमध्ये पॅकर्सनी डॅलस काउबॉइजना २१–१७ असे हरवले, तेव्हा पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटत होत्या. जुने अंतिम सामने विभागविजेत्यांच्या घरी आलटून पालटून होत, म्हणून असे प्रसंग घडत. सुपर बोलचे ठिकाण आधीच ठरते आणि ते बहुधा उबदार हवेचे किंवा छत असलेले असते.

नव्या लीगचा खरा पाय रोवला तो १२ जानेवारी १९६९ रोजी, मायामीत. कोल्ट्स सुमारे १८ गुणांनी जिंकतील असा सट्टेबाजांचा कल होता. न्यूयॉर्क जेट्सच्या जो नेमथने विजयाची जाहीर हमी दिली, लोकांनी ती हसण्यावारी नेली, आणि जेट्स १६–७ जिंकले. पुढच्या वर्षी चीफ्सनी मिनेसोटा व्हायकिंग्जना २३–७ असे नमवले आणि बरोबरीचे नाते पक्के झाले.

१९७० नंतर

विलीनीकरणानंतर संघांचे दोन गट, म्हणजे कॉन्फरन्स, झाल्या आणि त्यांचे विजेते सुपर बोलमध्ये भेटू लागले. करंडकाला लोंबार्डी यांचे नाव त्यांच्या निधनानंतर, १९७० मध्ये मिळाले. सुपर बोल हे नाव हंट यांनी मुलांच्या उसळणाऱ्या चेंडूवरून सुचवल्याचे सांगितले जाते. मायामी डॉल्फिन्सनी १९७२ चा हंगाम १७ पैकी १७ सामने जिंकून संपवला. असे आजवर दुसऱ्या कोणाला जमलेले नाही. बफेलो बिल्स १९९१ ते १९९४ या काळात सलग चार सुपर बोल हरले. ३१ जानेवारी १९८८ रोजी डग विल्यम्स हा सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असणारा खेळाडू) ठरला. त्याचा संघ वॉशिंग्टन. म्हणजे मार्शल यांचा तोच संघ, ज्याने कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला १९६२ पर्यंत सर्वांत शेवटी होकार दिला होता. १९९३ मध्ये मध्यंतरात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला आणि तेव्हापासून मध्यंतराची चर्चा खेळाइतकीच होऊ लागली. सामना जादा वेळेत जायला मात्र २०१७ उजाडले : न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी ३–२८ अशा पिछाडीवरून अटलांटाला ३४–२८ असे हरवले. अमेरिकेतल्या रविवार संध्याकाळी सुरू होणारा हा सामना भारतात सोमवारी पहाटे दिसतो.

मोजणीचा घोळ मात्र कायम आहे. पिट्सबर्ग आणि न्यू इंग्लंड यांची प्रत्येकी सहा जेतेपदे जाहिरातीत पुढे असतात. पण सर्व काळ धरला तर पॅकर्स तेरा जेतेपदांसह सर्वांत वर आहेत, आणि त्यांतली १९२९ ते १९३१ ही पहिली तीन निव्वळ तक्त्यावरची, अंतिम सामना न खेळता मिळालेली. कार्डिनल्सचे शेवटचे जेतेपद १९४७ चे, ब्राउन्सचे १९६४ चे. ब्राउन्स आणि लायन्स हे जुने विजेते सुपर बोलपर्यंत अजून एकदाही पोहोचलेले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये लायन्स कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला २४–७ असे पुढे होते. सॅन फ्रान्सिस्कोने तो सामना ३४–३१ असा नेला.