सुलोचना लाटकर (सुलोचनादीदी)

मराठी आणि हिंदी सिनेमातली अभिनेत्री, जन्म ३० जुलै १९२८, गाव खडकलाट. निपाणी-चिकोडी भागातलं हे गाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यासकट तिकडे म्हैसूर राज्यात गेलं, म्हणजे आताचं कर्नाटक. सीमाभागातली माणसं त्यांना अजून 'आमच्या खडकलाटच्या' म्हणूनच सांगतात, आणि ते काही उगाच नाही.

निपाणीकडच्या माणसाला बाजार, दवाखाना, शिक्षण, देवदर्शन, सगळ्यालाच कोल्हापूर जवळचं. त्यात त्या काळी कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गाव, त्यामुळे या मुलीला मुंबई गाठायची गरजच पडली नाही. १९४३ साली मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्या लागल्या, 'चिमुकला संसार'मध्ये छोटंसं काम मिळालं. लता मंगेशकरही तेव्हा त्याच कंपनीत होत्या, दोघी कोवळ्या वयाच्या, तिथली ओळख पुढे आयुष्यभर टिकली.

प्रफुल्ल मुंबईला हलली तशा त्या दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या कोल्हापुरातल्याच जयप्रभा स्टुडिओत आल्या, आणि खरं घडणं तिथंच झालं. 'सुलोचना' हे नाव भालजींनीच दिलं. बोलणं पक्कं आपल्या भागातलं, गावाकडचं, ते कॅमेऱ्यासमोर कसं चालणार, म्हणून उच्चारांवर मेहनत घ्यायला लावली, पण बोलण्यातला मूळचा सूर मरू दिला नाही हे महत्त्वाचं. 'सासुरवास' (१९४६), 'जिवाचा सखा' (१९४८), 'मीठ भाकर' (१९४९) अशी कामं येत गेली. मध्येच १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत जयप्रभा जाळला गेला, भालजींचं प्रचंड नुकसान झालं, तरी काम थांबलं नाही.

'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) नंतर घराघरातल्या बायकांना त्या आपल्याच वाटायला लागल्या. सोसणारी पण मोडून न पडणारी बाई ही त्यांची हुकमी भूमिका, आता बघताना कधीकधी रडारड जरा जास्तच वाटते, पण डोळ्यांनी बोलायची त्यांची पद्धत बघितली की तक्रार राहत नाही. 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'मोलकरीण' (१९६३) याच ओळीतले. 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) मधली जिजाबाई मात्र वेगळी, तिथं सोसणं नाही, नुसता करारीपणा, आणि मोठ्या पडद्यावरची जिजाऊ म्हटलं की बऱ्याच जणांना आजही त्यांचाच चेहरा आठवतो.

हिंदीत त्यांना आईच करून टाकलं. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) त्या नूतनला सांभाळणाऱ्या आईच्या भूमिकेत आहेत, वय बघा, नूतनपेक्षा फक्त आठ वर्षांनी मोठ्या! नायिका म्हणून अजून कितीतरी वर्षं निघाली असती, पण हिंदीवाल्यांनी एकदा शिक्का मारला की मारला, पुढे 'कटी पतंग' (१९७१) वगैरे ठिकाणीही तेच. मराठी-हिंदी मिळून सिनेमे अडीचशेच्या वर गेले.

त्यांची मुलगी कांचन यांचं लग्न नट डॉ. काशीनाथ घाणेकरांशी झालं. १९९९ ला पद्मश्री, २००९ चा महाराष्ट्र भूषण, म्हणजे जन्मगाव कर्नाटकात आणि भूषण महाराष्ट्राचं, सीमाभागात याचं कुणाला नवल वाटलं नाही. ४ जून २०२३ रोजी मुंबईत वयाच्या ९४ व्या वर्षी त्या गेल्या, शिवाजी पार्कला शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले.